विंडोज १० चा सपोर्ट संपला, घरचा जुना पीसी लिनक्सवर न्यावा का? भावाचे गेम आणि बाबांचं मराठी टायपिंग दोन्ही सांभाळायचंय

कळवा_खारेगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतोच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घरी एक डेस्कटॉप आहे, २०१७ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून जोडलेला. आय५ ७४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय, नंतर टाकलेली २४० ची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. मशीन अजून छान चालतंय, दर सहा महिन्यांनी धूळ काढतो, थर्मल पेस्ट दोनदा बदललीय, काही म्हणजे काही तक्रार नाही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, आपली सातवी. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं तर म्हणाला बोर्ड, प्रोसेसर सगळंच बदलावं लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या, पंचावन्न हजारात बसवून देतो. चालतं मशीन भंगारात द्यायला जीव होत नाही, आणि खरं सांगायचं तर यंदा तेवढे पैसेही नाहीत, ताईचं लग्न तोंडावर आलंय.

म्हणून लिनक्सचा विचार, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टिम. मी महापेला सपोर्टच्या नोकरीत आहे, सर्व्हरवर थोडंफार हात मारलाय, पण घरी रोजच्या वापराला कधी नाही. एकट्याचा पीसी असता तर केव्हाच टाकून मोकळा झालो असतो, पण तो चौघांचा आहे. धाकटा भाऊ रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो, शिवाय जीटीए फाईव्ह, काउंटर स्ट्राइक आणि विचर ३. आई पोळीभाजीचे डबे देते, त्याचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. आणि बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, नोटिसा, सभेची इतिवृत्तं सगळं मराठीत, २००९ पासूनच्या फाइल्स आहेत आणि त्या जुन्या फॉन्टमधल्या आहेत, युनिकोड (सगळीकडे सारखीच दिसणारी आताची पद्धत) नाहीत. बाबांनी तरुणपणी मराठी ३० ची टायपिंगची परीक्षा दिलेली, त्यांची बोटं टाइपरायटरच्या जागांवरच पडतात, फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करणं) वगैरे त्यांना अजिबात जमत नाही.

मला एवढंच कळायला हवंय की यातलं काय खरंच चालेल आणि काय नाही. ‘लिनक्स भारी आहे’ किंवा ‘लिनक्स नको’ असं नको, कोणी स्वतः घरात चौघांसाठी बसवलंय का ते सांगा.

घणसोलीचा_गेमर

भावा, आधी वाईट बातमी देतो म्हणजे बाकीचं नीट ऐकशील. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. जुगाड नाही, व्हर्च्युअल मशीन नाही, काही नाही. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारा प्रोग्राम (अँटीचीट), विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं आणि मशीन चालू होतानाच सुरू होतं, लिनक्ससाठी ते बनवलेलंच नाही. तेव्हा भाऊ व्हॅलोरंट सोडणार नसेल तर विंडोज पूर्ण पुसू नकोस, हे आधी ठरव.

आता बाकीचं. मी २०२३ पासून लिनक्सवर खेळतोय आणि माझ्या स्टीम (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) लायब्ररीतले बहुतेक गेम नुसतं इन्स्टॉल दाबून चालतात. होतं काय की विंडोजचा गेम डायरेक्ट एक्सच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतो, लिनक्सला ती भाषा येत नाही. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यात वाईन आहे, जे १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायच्या मागे लागलेलं आहे, आणि डीएक्सव्हीके आहे, जे डायरेक्ट एक्स ९, १०, ११ च्या हाका लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत बदलून देतं. १२ साठी व्हीकेडी३डी. हे सगळं स्टीमच्या आतच येतं, तुला वेगळं काही बसवायचं नाही, सेटिंगमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमना प्रोटॉन लावायची टिक आहे ती बघून घे. मग २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला, तो लिनक्सवरच चालतो, त्यामुळे गेमवाल्यांनाही हे तपासणं भाग पडलं. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान वाटेल पण दहा वर्षांपूर्वी हा १ टक्क्याच्या आसपास घुटमळत होता.

तुझ्या यादीतलं सांगतो. काउंटर स्ट्राइक २ ला तर प्रोटॉनही लागत नाही, त्याची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे. विचर ३ मस्त चालतो, पण तुझ्या कार्डावर तो डायरेक्ट एक्स ११ मध्येच चालव, १२ मध्ये हळू होईल. जीटीए फाईव्हची स्टोरी चालते, ऑनलाइन नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ऑनलाइनला बॅटलआय हे अँटीचीट लावलं तेव्हापासून लिनक्सवाले बाहेर.

आणि हे मला मनापासून लागतं म्हणून लिहितो. बॅटलआय आणि ईझी अँटीचीट दोघांनीही २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट दिलाय. गेम बनवणाऱ्याने होकार द्यायचा, बस्स. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटीचीटच आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइन चालतो. म्हणजे अडलंय ते तंत्रापाशी नाही, समोरच्याने दार उघडायचं की नाही एवढ्यावर अडलंय. एपेक्स लेजेंड्सने तर आधी दार उघडलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी परत बंद केलं, त्यांचं म्हणणं चीट करणारे लिनक्सवरून येतात. मी त्यात चारशे तास घातले होते. त्यांची बाजू समजते मला, पण नियमाने खेळणाऱ्याला एका रात्रीत बाहेर काढलं की वाईट वाटतंच. म्हणून भावाला सांग, कुठलाही ऑनलाइन गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या साइटवर लोकांचे अनुभव बघायचे, आणि तिथे चालतो असं दिसलं तरी अँटीचीटचं वेगळं तपासायचं. फोर्टनाइट, नवीन कॉल ऑफ ड्यूटी, ईएचा फुटबॉल हे चालत नाहीत, त्याच्या मित्रांचा ग्रुप उद्या तिकडे वळला तर काय हे त्याने आजच धरून चालावं.

नौपाडा_तलावपाळी

गेमबद्दल मला काही कळत नाही पण बाबांच्या फाइल्सबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. मी नौपाड्यात बारा वर्षं मराठी डीटीपी करतेय, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, संस्थांचे अहवाल. घरचा लॅपटॉप तीन वर्षांपासून लिनक्स मिंटवर (लिनक्सचाच एक प्रकार) आहे, कामाचा पीसी मात्र विंडोजवरच ठेवलाय आणि का ते सांगते.

त्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी. आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी ‘क’ आणि काना-वेलांटीचे तुकडे काढून दाखवतो. म्हणून फॉन्ट नसला की ‘सर्वसाधारण सभा’ च्या जागी नुसता कचरा दिसतो, आणि लोक म्हणतात लिनक्सने फाइल खराब केली. फाइल जशीच्या तशी असते. बाबांच्या पीसीवरच्या फॉन्टच्या फाइल्स लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये कॉपी कर, लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघड, बहुतेक सगळं वाचता येईल. ओळी थोड्या इकडेतिकडे सरकतील, टेबल असेल तर जास्त. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायचं जे सॉफ्टवेअर असतं, कीबोर्ड बदलून देणारं, ते विंडोजचंच असतं, ते इथे येणार नाही.

माझं मत विचारशील तर यापुढचं सगळं युनिकोडमध्येच कर, लिनक्सवर गेलास तरी आणि नाही गेलास तरी. जुन्या फॉन्टमधली नोटीस व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवता येत नाही, शोधता येत नाही, सेक्रेटरी बदलले की पुढच्या माणसाला उघडत नाही. मी स्वतः एका संस्थेची पंधरा वर्षांची इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणलीत, कन्व्हर्टर मिळतात पण रफार, जोडाक्षरं आणि ‘र्‍या’ सारख्या जागी गडबड करतात, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. तेव्हा सगळं बदलत बसू नका, जुन्याचं पीडीएफ करून ठेवा, आणि उपविधी, सभासदांची यादी असं जे परत परत लागतं तेवढंच बदला.

टायपिंगचं म्हणशील तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम टाक, त्यात इनस्क्रिप्ट आहे, गमभनच्या पद्धतीचं आहे, आणि रेमिंग्टनही आहे, म्हणजे टाइपरायटरवाल्यांसाठी. चार-दोन अक्षरं बाबांना वेगळ्या जागी सापडतील, एक कागद छापून मॉनिटरजवळ चिकटवून दे, पंधरा दिवसांत बसतं. माझ्या सासऱ्यांनाही असंच शिकवलं, ते ७१ वर्षांचे आहेत. फॉन्टसाठी मुक्त घे, आपल्या मुंबईच्या एक टाईपने केलेला आहे, फुकट आहे आणि नोटीसबोर्डावर लांबून वाचता येतो. आणि आईंना लिब्रेऑफिस शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले व्हिडिओ आहेत, छोटे छोटे, थांबवून थांबवून बघता येतात, मी ते खूप जणींना दिलेत.

सीवूड्स_हिशेबनीस

थोडं उलट बाजूने बोलतो. मी लोकांचे टॅक्स भरतो, माझ्याकडे लिनक्स चालणार नाही, कारण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन विंडोजवर बिनबोभाट चालतात. आईंचा व्यवसाय स्वतःच्या नावावर असेल आणि उद्या जीएसटी घ्यावा लागला तरी त्यांना ओटीपीवर रिटर्न भरता येतं, टोकनची सक्ती कंपन्यांना आणि एलएलपीला आहे, तेव्हा तुमच्या घरी ती अडचण येऊ नये. पण घाई करू नका. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. तोपर्यंत शांतपणे शिकून घ्या. लग्नघर आहे, त्यात पत्रिकांच्या याद्या पीसीत अडकल्या तर घरचे तुम्हाला सोडणार नाहीत. बॅकअप आधी.

कोपरी_रिपेअर

मी ठाणे पूर्वेला रिपेअरिंग करतो, गेल्या वर्षभरात अशाच सातव्या पिढीच्या वीसेक मशीनवर मिंट टाकून दिलंय, त्यातली तीन परत विंडोजवर गेली, बाकी चालतायत. परत गेली त्यातली दोन प्रिंटरमुळे. तेव्हा सगळ्यात आधी प्रिंटर बघ. एचपीचे बरेचसे त्यांच्या एचपीलिप या ड्रायव्हरमुळे लावले की चालतात, पण काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर, जे आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे दिसतात, ते फार रडवतात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घे, त्यावरूनच मशीन चालू कर, डिस्कला काही होत नाही, आणि त्यातच आवाज, वायफाय, प्रिंटर, सगळं तपासून घे. वायफाय यूएसबी डोंगलवर असेल तर विशेष तपास, माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा डोंगल आठवडाभर छळत होता, शेवटी लॅनची केबल टाकून दिली.

आता १०५० टीआयबद्दल, इथे बरेच जण चुकतात. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचे चार-पाच ड्रायव्हर दिसतात, काहींच्या नावात ‘ओपन’ असतं. ते तुझ्यासाठी नाहीत, ते जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्सपासून पुढच्या कार्डांना. ते टाकलंस तर स्क्रीन काळी येईल आणि तुला वाटेल कार्ड गेलं. साधा ५८० घे. तुझ्या पिढीच्या कार्डांना ५८० ही शेवटचीच शाखा आहे, पुढच्या ड्रायव्हरमधून ही कार्डं काढून टाकलीयत. म्हणूनच यूट्यूबवर बघून आर्चवाले डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) टाकू नकोस, तिथे ड्रायव्हर आपोआप पुढे जातो आणि जुनं कार्ड मागे राहतं. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर आहे, २०२९ पर्यंत अपडेट येतील, तेवढं तुझ्या मशीनला पुरे. बॅझाइट नावाचं लिनक्स गेमसाठी चांगलं आहे, पण ते डाउनलोड करताना कार्ड कुठलं ते विचारतं तिथे जुन्या एनव्हिडियाचं निवडावं लागतं, आणि आईवडिलांसाठी मला मिंटच बरं वाटतं, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यांना परकं वाटत नाही.

डिस्कचं असं कर. आहे ती एसएसडी विंडोजसकट तशीच राहू दे, व्हॅलोरंटपुरती. दुसरी ५०० च्या आसपासची एसएसडी घे, वापरलेली मिळाली तरी चालेल, फक्त हेल्थ तपासून घे. मिंट टाकताना विंडोजवाल्या एसएसडीची केबल काढून ठेव, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणारच नाही, आणि दोन्ही सिस्टिम आपापल्या डिस्कवरून सुरू होतात. मग केबल परत लाव. मशीन चालू करताना कुठली हवी ती निवडायची. त्या विंडोजवर बँकेचं काही करायचं नाही, तिथे फक्त गेम.

आणि स्टीमचे गेम त्या जुन्या १ टीबीवर ठेवायचा मोह होईल कारण तिथे आधीच डाउनलोड केलेत. नको. ती एनटीएफएस आहे, म्हणजे फाइल्स ठेवायची विंडोजची पद्धत. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतं, त्यात नावात कोलन असलेल्या लिंक असतात, एनटीएफएसला ते पचत नाही, गेम सुरू होतो न होतो, आणि माणूस लिनक्सला शिव्या देतो. गेम नव्या एसएसडीवर लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत. १ टीबीवर फोटो, फाइल्स राहू देत, फक्त विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर विंडोज ती ड्राइव्ह अर्धवट झोपलेली सोडतं आणि मिंट ती फक्त वाचायला देतं, फाइल सेव्ह होत नाही.

सेक्युअर बूट (मशीन सुरू होताना होणारी सुरक्षेची तपासणी) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगेल आणि रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर तो परत मागेल, घाबरून पुढे ढकलू नकोस, तिथे एनरोल करायचं. आणि पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लाव. ते सिस्टिमचं मागचं रूप परत आणतं, पण तुमच्या फाइल्स त्यात नसतात, तो बॅकअप वेगळा.

कळवा_खारेगाव

एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. प्रिंटर एचपीचाच आहे. कोपरी दादा, एकच विचारतो, ८ जीबी रॅम पुरेल का? आणि तलावपाळी ताई, बाबांना तुमचा निरोप वाचून दाखवला, ते म्हणाले ‘ही बाई बरोबर सांगतेय’, आणि जुन्या फाइल्सची वही घेऊन बसलेत कुठली लागते कुठली नाही.

कोपरी_रिपेअर

घरकामाला ८ आरामात. विचर खेळताना मागे ब्राउझरचे वीस टॅब नकोत एवढंच. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर पुढेमागे वापरलेली ८ ची स्टिक टाक, आत्ता नको.

कळवा_खारेगाव

तीन आठवड्यांनी आलोय, कळवायचं राहून गेलं होतं.

मिंट बसलं. शनिवारी सकाळी सुरू केलं, दुपारच्या जेवणापर्यंत सगळं चालू. केबल काढून ठेवायचा सल्ला सोन्यासारखा होता, कारण इन्स्टॉल करताना डिस्कची नावं बघून मी खरंच गोंधळलो होतो आणि समोर एकच एसएसडी असल्यामुळे वाचलो. ५८० टाकला, निळी स्क्रीन आली, एनरोल केलं. प्रिंटर लावला आणि काही न विचारता छापायला लागला.

भाऊ पहिले दोन दिवस तोंड पाडून होता. मग विचर टाकून दिला, पहिल्यांदा दोन-चार ठिकाणी अडखळला, नंतर सरळ चालला, आता तो स्वतःच लिनक्समध्ये खेळतो आणि फक्त रात्री मित्र आले की रीस्टार्ट मारून व्हॅलोरंटला जातो. जीटीएची स्टोरी त्याने परत पहिल्यापासून सुरू केलीय. काउंटर स्ट्राइकमध्ये पूर्वीइतकेच एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळतात असं तो म्हणतो, मी मोजलेलं नाही.

आईच्या डब्यांच्या शीटमध्ये एकच अडचण आली, महिना बदलायचं एक बटण मॅक्रोवर (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) होतं ते चाललं नाही. मी ते काढून साधं सूत्र घातलं, अर्धा तास गेला. तिला फरक कळलाच नाही, हिशेब जुळला की झालं.

आणि बाबा. रेमिंग्टनमध्ये पहिल्या दिवशी एक पान लिहायला दीड तास लागला, मला वाटलं आता म्हणतात परत पहिलं दे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन परत बसले. परवा त्यांनी टाकी धुण्यासाठी पाणी बंदची नोटीस केली, मुक्तमध्ये, छापली आणि तोच मजकूर थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. इतकी वर्षं ते छापलेल्या कागदाचा फोटो काढून टाकायचे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना कमी दिसतं, त्या फोनवर मजकूर ऐकतात, त्यांनी फोन करून सांगितलं की आज पहिल्यांदा नोटीस मी कोणाला न विचारता ऐकली. बाबांनी तेव्हापासून जुनी इतिवृत्तंही हळूहळू युनिकोडमध्ये करायला घेतलीयत, २०१४ पर्यंत आलेत.

एक राहिलंय. भाऊ विंडोजमध्ये गेला की घड्याळ साडेपाच तास मागे असतं, आणि त्यामुळे गेमचं लॉगिन कधी कधी अडतं. परत परत वेळ लावतोय. हे कशामुळे?

कोपरी_रिपेअर

मिंट बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास. मिंटला सांगायचं की बोर्डावर इथलीच वेळ ठेव, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे. ओळ तुला मेसेजमध्ये पाठवलीय, कॉपी करून टाक, मग एकदा विंडोजमध्ये जाऊन वेळ नीट कर.

कळवा_खारेगाव

टाकली. दोन्हीकडे ९:४० दाखवतंय.